गिरवलेली वही

मी मोहिते, आणि मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. जमिनीच्या दप्तरात पस्तीस वर्षं काढली. मेलेल्या माणसाचा अंगठा, कालच्या शाईतली आजोबांची सही, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद, असलं सगळं या डोळ्यांनी पाहिलंय. आमची ही म्हणते, तुम्ही स्वतःच्या लग्नपत्रिकेवरची तिथीसुद्धा पंचांगात ताडून बघितली होती. बघितली होती. चुकीची निघाली असती तर?

निवृत्तीनंतर साताऱ्यातले आम्ही पाच-सहा रिकामटेकडे लोक जुन्या सार्वजनिक संस्थांची माहिती जमवतो. वाचनालयं, तालमी, भजनी मंडळं, नाट्यमंडळ्या. काम चांगलं आहे, पण हल्ली जो उठतो तो स्वतःला ऐतिहासिक म्हणवून घेतो. परवा एका मंडळानं शतकमहोत्सवाचं बोलावणं धाडलं, आणि संस्थापक स्वतः मोटारसायकलवर बसून ते द्यायला आले होते.

त्यामुळे परभणीहून उषाताईंचं पत्र आलं तेव्हा मी ते आधी उलटंसुलटं करून बघितलं. उषाताई तिथल्या जुन्या वस्तीतल्या एका वाचनगृहाच्या ग्रंथपाल. वाचनगृह निजामाच्या अमलातलं, जागा मालकाच्या आजोबांनी कायमची दिलेली, आणि त्यांच्या हातचा लेख वहीच्या पहिल्या पानावर आहे, असं त्यांचं म्हणणं. आता नातवाला, किशोररावांना, जागा परत हवी होती. पण तो बोलला होता, की बाहेरच्या जाणत्या माणसानं वही बघून खरी म्हणून लिहून दिलं तर मी हात लावणार नाही. नाहीतर दसरा झाला की कुलूप. खंडेनवमीला तो स्वतः येणार होता. म्हणजे त्या वाचनगृहाचं राहणं-जाणं माझ्या दोन ओळींवर आलं होतं. मी पिशवी भरली, भिंग घेतलं आणि निघालो.

देवगाव फाटा

प्रवासाची रडगाणी सांगत नाही. एवढंच सांगतो, की देवगाव फाट्याला एसटी चहाला थांबली आणि तिथं माझा घात झाला. जालन्याकडून आलेला रस्ता इथं फुटतो, एक जिंतूरला जातो आणि एक सेलूवरून परभणीकडे वळतो. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली. मळणीयंत्राचा धुरळा असा, की चहावर साय आल्यासारखा बसला. शेजारच्या बाकावर पालमचा एक शेतकरी बसला होता. त्याला मी विचारलं, परभणीची गाडी हीच ना?

"हीच हाय."

मी कंडक्टरला विचारलं. मग ड्रायव्हरला विचारलं. शेतकरी माझ्याकडे बघतच राहिला.

"आता गाडीलाच इचारा की पावनं," तो म्हणाला.

या विचारपुशीच्या नादात भिंगाची डबी बाकावरच राहिली. परभणीत उतरल्यावर कळलं. पस्तीस वर्षांत जे कधी झालं नाही ते नेमकं आज व्हावं! मला स्वतःचाच इतका राग आला, की रिक्षावाल्याशी उगाच भांडलो.

वाचनगृह

गल्लीच्या टोकाला दोन दगडी पायऱ्या आणि निळं दार. उषाताई सत्तरीच्या, काटक, पदर खोचलेला. कुलूप गंजलेलं होतं. त्यांनी किल्ली तीनदा फिरवली, एकदा दाराला खांदा दिला, तेव्हा ते उघडलं.

"या भाऊ, बसा. आधी खाऊन घ्या, मग बगा काय बगायचं ते."

मी म्हटलं, आधी वही. त्या म्हणाल्या, आधी सुशीला. मी दचकून आत कोण बाई आहे म्हणून बघायला लागलो, तर ताटलीत भिजवलेले चुरमुरे आले, कांदा-मिरची घालून परतलेले, वर दाण्याचं कूट. आमच्याकडे चुरमुऱ्यांचा फार तर चिवडा होतो. हे पोह्यांच्या वरताण निघालं. पण खायला घालून माणसाला मऊ करायची युक्ती मला नवी नाही. मी दुसऱ्यांदा घेतलं, आणि सावध राहिलो.

वही लाल फडक्यात बांधलेली होती. कागद जुना, हातकागद, कडा झिजलेल्या. इथवर ठीक. पान उलटलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. आतली जुन्या सभासदांची सगळी नावं, मराठीतली आणि उर्दूतली, ठळक, चकचकीत. काही बॉलपेननं लिहिलेली, काही परवाच्या जेलपेननं.

"भिंग आहे का कुणाकडे?"

उषाताईंनी समोरच्या घड्याळाच्या दुकानातून हमीदभाईंना हाक मारली. हमीदभाई पासष्टीचे, डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग गळ्यात लटकलेलं. ते त्यांनी मला दिलं आणि शेजारी उभे राहिले.

"उर्दू हर्फ मी काढलेले हायत," ते कौतुकानं म्हणाले. "पाच सालं झाली. त्याच्या आधी माझे अब्बा काढायचे."

कबुलीजबाब इतक्या लवकर मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही हे नवीन लिहिलंय?"

"नवीन कशाला? जुनंच. शाई उडायलीय ना. तर दर खंडेनवमीला आमी गिरवतो."

मग उषाताईंनी पद्धत सांगितली. लोहार ऐरण पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तशी ही गल्ली खंडेनवमीला वही पुजते. हळदकुंकू झालं की ज्या ओळी फिकट झाल्या असतील त्या पेनानं गिरवायच्या. नियम एकच, आपल्या घरचं नाव आपण गिरवायचं नाही, दुसऱ्याचं गिरवायचं. वही कुणाच्या घरची होऊ नये म्हणून.

"लय जपलंय बगा," उषाताई म्हणाल्या.

जपलंय! अहो, या लोकांनी आपल्या हातानं आपला एकुलता एक पुरावा गिरवून गिरवून मारला होता. की ही सगळी गोष्टच बनवलेली होती? खोटी वही करायची आणि वर गिरवायच्या प्रथेचं पांघरूण घालायचं, यापेक्षा चांगली युक्ती मलाही सुचली नसती. मी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघितलं. दोघंही शाबासकीची वाट बघत होते.

पहिलं पान मोडीत होतं. मोडी मला येते, अर्धं आयुष्य तिच्यातच गेलं. पण हे पान वाचता येईना. एकेका अक्षराला शेपट्या फुटलेल्या, वाट्या फुगलेल्या.

"यात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"जागा कायमची दिली म्हनून. आमच्या जुन्या गुरुजींनी सांगितलेलं. ते गेल्यावर मोडी येनारं कुनी न्हाई. आमी आपलं नक्षी काढल्यागत गिरवतो."

मी तो दिवसभर वाचनगृहातच बसलो. पानाची नक्कल काढायचं निमित्त, खरं तर पाळत ठेवायची होती. उषाताई बोलत होत्या, मध्येच चष्मा लावून एकेक पुस्तक उघडत होत्या. एके काळी इथं पेपर यायचा तो एकजण मोठ्यानं वाचायचा आणि गल्ली ऐकायची. ऊसतोडीला गेलेल्यांची पत्रं बायका इथं वाचून घ्यायच्या. लग्नं इथं जुळली, भांडणं इथं मिटली, नाटकाच्या तालमी इथं झाल्या. ऐकायला फार गोड होतं, म्हणूनच मला खरं वाटेना. संध्याकाळपर्यंत दारात एक कुत्रं सोडून कुणी फिरकलं नव्हतं.

चारठाणा

दुसऱ्या दिवशी अष्टमी. मला पानाशी झटापट करायची होती, पण उषाताई ऐकेनात. परभणीत येऊन चारठाणा न बघता जायचं म्हणजे पाप, असं म्हणून त्यांनी माझी रवानगी हमीदभाईंबरोबर केली. मला उलट वाटलं, माझ्या माघारी वहीत काही फिरवाफिरव करायची असेल. मी सांगितलं, वही मी माझ्या पिशवीत घेऊन येणार. उषाताईंचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी ती फडक्यात नीट बांधून दिली.

"अंगाशी धरून बसा भाऊ. एसटीत लय गर्दी ऱ्हाती."

जिंतूरवरून चारठाण्याला गेलो. कापसाची बोंडं फुटायला आलेली, उन्हाचा चटका असा की वैशाख वाटावा. गावभर जुनी देवळं विखुरलेली, घरांच्या भिंतींना लागून कोरीव खांब, त्यांना खुशाल म्हशी बांधलेल्या. साताऱ्यात अशा खांबाला आम्ही कुंपण घातलं असतं, पाटी लावली असती आणि नंतर कधी तिकडे बघितलं नसतं.

एका देवळाच्या ओट्यावर एक नवराबायको देवाला शेंदूर लावत होते. देव कुठला ते कळायला मार्ग नव्हता, थरावर थर चढून नुसता गोळा झाला होता. दिवाळी झाली की ते ऊसतोडीला जाणार होते. जाण्याआधी एक हात शेंदराचा लावून जायचं, अशी त्यांच्या घरची रीत.

मी विचारलं, "खाली मूर्ती कुणाची आहे?"

"काय म्हाईत. आज्यानं लावला, बापानं लावला, आमी लावायलाव."

"मग खाली काय आहे ते एकदा बघायला नको?"

बाई हसली. "बगायचं तर शेंदूर खरवडावा लागंल की. आन् देव उघडा करून आमी कारखान्यावर जावं व्हय?"

तिथल्या ओट्यावरच आम्ही भाकरी सोडली. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा. हमीदभाईंनी कांदा फोडला. मग म्हणाले, "साहेब, तुमाला आमचा लय शक यायलाय ना?"

"यायलाय," मी म्हणालो. खोटं कशाला बोला.

"यावाच. पन एक करा. खोटे हर्फ काढनारा मानूस काय करंल आन् काय न्हाई करनार, ते बगा."

मी तिथंच वहीचं फडकं सोडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि नुसत्या रेघांच्या मागे लागलो. अक्षरं बघायची सोडून दिली. एका पानावर नावाच्या शेजारी एक गोल होता. कुणीतरी कधी काळी चहाची बशी ठेवली होती, तिचा डाग. तो डाग त्यांनी गिरवला होता! दुसऱ्या पानावर शाईचा थेंब, तोही गिरवलेला. एक नाव चुकून लिहून खोडलेलं, तर नाव गिरवलं होतं आणि वरची खोडरेघही गिरवली होती. एका ठिकाणी बोटाचा ठसा उमटला होता, तो बिचाऱ्यांनी ठिपक्याठिपक्यांनी भरला होता. आणि जिथं पेन जरासं बाजूला सरकलं होतं तिथं जुनी तपकिरी शाई कागदात मुरलेली स्वच्छ दिसत होती.

मी हसायलाच लागलो. खोटं करणारा माणूस बशीचा डाग कशाला गिरवेल? तो सगळं नीटनेटकं करतो. महत्त्वाचं काय आणि फालतू काय, हे ज्याला ठरवायचं धाडस नाही तोच असं काम करतो. वही खरी होती.

परतीच्या एसटीत, अंगाशी वही धरून, मी पहिलं पान लावायला घेतलं. शेपट्या सोडून खालची तपकिरी रेघ धरली, तसं अक्षर सुटत गेलं. जिंतूर मागे पडलं तेव्हा सगळं लागलं होतं.

*हे घर वाचणारांस दिले असे. एक तरी असामी नित्य वाचीत असेल तोवर घर त्यांचे. वाचणार न राहिल्यास घर आमचे आम्हांस.*

कायमचं नव्हतं. अटीवर दिलेलं होतं. ही माणसं वर्षानुवर्षं हळदकुंकू वाहून स्वतःच्याच गळ्याचा फास गिरवत आली होती.

मी हमीदभाईंना काही बोललो नाही. परभणीत उतरल्यावर तडक वाचनगृहात गेलो आणि उषाताईंकडे हजेरीची वही मागितली. येणाऱ्यांची नावं ग्रंथपालानंच लिहायची, ही इथली पद्धत. रोजची पाच नावं होती, कदम, देशपांडे मास्तर, रजियाआपा, गंगाधरराव, सुमनबाई. जीव भांड्यात पडला. पाच वाचणारे असले म्हणजे झालं.

मग मी कालचं पान बघितलं. काल दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत मी इथंच बसलो होतो. एक कुत्रं आलं होतं. पानावर पाच नावं होती.

मी वही मिटली. उषाताई माझ्याकडे बघत होत्या. मी ती त्यांच्या हातात दिली आणि निघालो. लॉजवर जाऊन पडलो, पण डोळ्याला डोळा लागेना. मोडी मला एकट्यालाच येत होती. कायमची दिली म्हणून दोन ओळी खरडल्या असत्या तर कोण तपासणार होतं? तपासणारा मीच होतो.

खंडेनवमी

किशोरराव सकाळीच गाडीनं आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. ती त्यांनी टेबलावर ठेवली तेव्हा ठण्‌ असा आवाज झाला. पिशवीच्या तोंडातून नवं कोरं पितळी कुलूप डोकावत होतं. माणूस तयारीनं आला होता.

गल्लीतली वीसेक माणसं जमली होती. झेंडूची फुलं, आपट्याची पानं, नारळ. पूजा झाली. हमीदभाईंनी उर्दू नावं गिरवली, एकीनं शेजारणीच्या सासऱ्याचं नाव गिरवलं. पाहुण्याचा मान म्हणून पहिलं पान माझ्याकडे आलं. पेन टेकवताना मला शेपट्या फुटलेली अक्षरं सुधारायचा मोह झाला.

"जैसा हाय वैसा," हमीदभाई हळूच म्हणाले. मी चुकीचं तसंच चुकीचं गिरवलं.

"वाचता आलं का हो साहेब?" किशोररावांनी विचारलं.

मी पेन खाली ठेवलं. मग मी उभा राहिलो आणि जे होतं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्थही सांगितला. आजोबांनी असं लिहिलं होतं, हे त्या नातवालाही नवीन होतं. त्यानं सावकाश हजेरीची वही ओढली आणि चाळली.

"पाच माणसं रोज येतात? साहेब, तुम्ही दोन दिवस इथं आहात. ही माणसं खरी आहेत का?"

मी उषाताईंकडे बघितलं. खोटी नोंद मी जन्मात पास केली नव्हती, आणि त्या क्षणी ती पास करावीशी वाटली, हे कबूल करतो.

"न्हाईत," उषाताईच म्हणाल्या. "गेली समदी. शेवटी सुमनबाई गेल्या, त्याला तीन सालं झाली. पोरं त्या नव्या अभ्यासिकेत जायलीत, तिथं एसी हाय. इथं कुनी येईना. म्हनून मीच लिवते नावं."

"म्हणजे खोटी हजेरी."

"हजेरी खोटी. पन त्यांचं वाचन मी बुडू दिलं न्हाई. कदमांचं खेळाचं पान वाचते. गंगाधररावांचं शेतीचं मासिक. मास्तरांचा इतिहास अर्ध्यात ऱ्हायला होता, तो चालू हाय. एकेकाचं वाचते आन् मग त्याचं नाव लिवते. मोकळी वही कशी ठेवावी?"

आता हे ऐकून कुणाच्याही डोळ्यात पाणी येईल. माझ्याही आलं. पण मी मोहिते आहे. मी कपाटापाशी गेलो. मास्तरांचा इतिहास म्हणजे वीट होती, बारीक टाइपाची. आत बसचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं. मी पुस्तक छातीशी धरलं आणि विचारलं, "मास्तर कुठपर्यंत आलेत?"

उषाताई रागावल्या. नाकपुड्या फुगल्या. "दुष्काळापाशी. धान्याच्या गाड्या घाटात अडकल्यात आन् बैल मरायलेत. मास्तरांना हे आवडलं नसतं, म्हनून परवा दोनच पानं वाचली. आनखी इचारा!"

मी तिकिटाचं पान उघडलं. गाड्या घाटात अडकल्या होत्या. मी आणखी दोन पुस्तकं काढली, मागची-पुढची पानं विचारली. त्यांनी एकही चुकवलं नाही.

"लिहून काय देणार?" किशोररावांनी विचारलं.

"वही खरी आहे," मी म्हणालो. "हजेरी खोटी आहे. वाचणारी असामी, एक."

"एकच."

"एक तरी, असं तुमच्या आजोबांनी लिहिलंय."

किशोररावांनी पहिल्या पानावरची ती फुगलेली अक्षरं बोटानं चाचपली. मग उठून त्यांनी पिशवीतलं कुलूप काढलं. दाराशी जाऊन त्यांनी कडीतलं गंजकं कुलूप उतरवलं, नवं अडकवलं आणि दोन्ही किल्ल्या उषाताईंसमोर ठेवल्या.

"तुमचं कुलूप लागत नाही धड," ते म्हणाले. "पण पुढच्या खंडेनवमीला मी हजेरी बघणार. खरी."

उषाताई किल्ल्यांना हातच लावेनात. पदर तोंडाला लावून नुसत्या बसून राहिल्या. मी आजचं पान उघडलं. पाच नावं सकाळीच लिहून झाली होती, म्हणजे वाचनही पूजेआधीच उरकलं होतं. मी पेन उचललं, तशा त्या भानावर आल्या.

"माजं नाव न्हाई भाऊ. ग्रंथपालाचं लिवत नसतेत. आपलं आपन लिवत नसतेत."

"आपलं आपण नाहीच लिहायचं. मी लिहितोय," मी म्हणालो. "आणि ही वरची पाच खोडतो. खोटी आहेत."

त्यांनी झटकन पानावर हात ठेवला. त्या पाच नावांवर. मग बोट खालच्या मोकळ्या ओळीवर सरकवलं.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "त्यांच्या खाली लिवा."

मी त्यांच्या खाली लिहिलं.